अणुभट्टीच्या भरवशावर ओलित

‘शेतकऱ्याला दिवसा वीज पाहिजे ना? मग अणुऊर्जेच्या आड येऊ नका.’ गेल्या वर्षभरात हे वाक्य मी पुढाऱ्यांच्या भाषणात ऐकले, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत वाचले, आणि ज्याने आयुष्यात कधी मोटरचा स्टार्टर दाबला नाही अशा माणसाकडून आमच्या गावच्या, अल्लीपूरच्या पानठेल्यावरही ऐकून घेतले. सांगणाऱ्याच्या सुरात आपण शेतकऱ्यावर उपकार करतो आहोत असा भाव असतो. या वाक्यातला पहिला भाग खरा आहे. दुसरा भाग पहिल्याच्या खांद्यावर बसून आला आहे, आणि त्याला तिथून खाली उतरवण्यासाठी हा लेख आहे.

वाक्य अचानक आलेले नाही. फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅट, म्हणजे एक लाख मेगावॅट अणुवीज उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले आणि छोट्या अणुभट्ट्यांसाठी २० हजार कोटी रुपये बाजूला काढले गेले. एप्रिलमध्ये आपल्या महानिर्मितीने रशियाच्या रोसाटॉमशी थोरियमवर चालणाऱ्या छोट्या अणुभट्टीसाठी सामंजस्य करार केला. डिसेंबरात संसदेने ‘शांती’ कायदा मंजूर केला, त्याबरोबर १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा दोन्ही मोडीत निघाले, आणि खासगी कंपन्यांना या क्षेत्राचे दार उघडले. एवढा मोठा पसारा मांडायचा तर पुढे कोणाला तरी उभे करावे लागते. आपल्याकडे पुढे उभा करायला शेतकऱ्याइतका सोयीचा माणूस दुसरा नाही.

आधी दोन गोष्टी बाजूला ठेवतो. वर्धा जिल्ह्यातून अणुऊर्जेविरुद्ध कोणी बोलले की ऐकणारा लगेच सेवाग्रामकडे बघतो आणि ‘यांना चरख्यावर देश चालवायचा आहे’ असे मनात म्हणून मोकळा होतो. गांधीजींना इथे ओढायचे कारण नाही. माझ्या विहिरीवर पाच एचपीची मोटर आहे, घरी फ्रीज आहे, पोरांना पंख्याशिवाय मे महिना काढवत नाही. मला वीज हवी आहे, आणि भरपूर हवी आहे. दुसरे, किरणोत्साराचा बागुलबुवाही मी दाखवणार नाही. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांनी १९६९ साली वीज द्यायला सुरुवात केली. त्यांची वीज स्वस्त पडली, हे त्यांच्या विरोधकांनीही मान्य करायला हवे. माझे भांडण हिशेबाशी आहे, आणि हिशेब आमच्याच गावापासून सुरू होतो.

चंद्रपूरचे महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचे. तिरोड्याचे ३,३००. मौद्याचे २,३२०. खापरखेड्याचे १,३४०. कोराडी, नांदगावपेठ, बुटीबोरी, वरोरा सोडून दिले, ही चारच नावे घेतली. बेरीज ९,८८० मेगावॅट. आता रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूर प्रकल्पाचा मूळ आकडा बघा: १,६५० मेगावॅटच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९००. म्हणजे एक अख्खे जैतापूर विदर्भात कोळशावर कधीच उभे राहिले आहे. कोळसा आमच्या जमिनीखालचा, पाणी आमच्या नद्यांचे, राख आमच्या वाट्याची. वीज कमी पडते म्हणून शेतकऱ्याला दिवसा मिळत नाही, हे खरे असते तर सगळ्यात आधी ती विदर्भातल्या शेतकऱ्याला दिवसा मिळायला हवी होती. प्रत्यक्षात अल्लीपूरला हरभऱ्याचे ओलित रात्री अकराला सुरू होते.

वीज आमच्या डोक्यावरून जाते, हे शब्दशः खरे आहे. चंद्रपूरहून पडघ्याला गेलेली उच्चदाबाची एकदिश वाहिनी १९९९ पासून सुरू आहे. दीड हजार मेगावॅट वीज साडेसातशे किलोमीटर दूर मुंबईच्या तोंडाशी नेऊन सोडणे हे तिचे काम. मुंबईला वीज मिळू नये असे माझे म्हणणे मुळीच नाही. आमच्या जिल्ह्यात पॉवरग्रिडचे ७६५ केव्हीचे उपकेंद्र आहे, आणि वर्ध्याहून तेव्हाच्या औरंगाबादकडे गेलेली वाहिनी पुढेमागे १,२०० केव्हीवर चालवता यावी अशा बेताने बांधलेली आहे. अशा वाहिनीचा मनोरा ज्याच्या वावरात आला त्याला विचारा. चार पायांमधली जागा पेरताही येत नाही आणि सोडवतही नाही. ट्रॅक्टर तिथे आडवा घालून वळवावा लागतो, कोपऱ्यात तण माजते, ओल्या हवेत तारा रात्रभर गुणगुणत राहतात. त्याच वावराच्या धुऱ्यावर डीपी असते. तिच्या पेटीचे दार कधीच गेलेले, किटकॅट जळून काळे पडलेले, फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचे पेड गुंडाळलेले. एका डीपीवर जितके पंप असायला हवेत त्याच्या दुप्पट असतात, म्हणून रब्बी ऐन भरात आली की ती जळते. मग ती बदलून येईपर्यंत गव्हाचे एक पाणी हुकते. वरून देशातली सगळ्यात मोठ्या दाबाची वीज जाते आणि खाली मोटर उचलायला पुरेसा दाब नसतो. या रोगावर जैतापूरच्या किनाऱ्यावर अणुभट्टी बांधणे हे औषध कसे ठरते, ते मला कोणी तरी समजावून सांगावे.

रात्रीच्या पाळीचे मूळ समजून घेतले तर उलटेच चित्र दिसते. कोळशाची भट्टी एकदा पेटवली की ती सहजासहजी विझवता येत नाही. संच बंद करून पुन्हा सुरू करायचा तर वेळ जातो, तेल जळते, यंत्राचे आयुष्य घटते. म्हणून ती रात्रीही चालत राहते. रात्री कचेऱ्या बंद, दुकाने बंद, मागणी घटते. मग चालू संचांची वीज घालायची कुठे? शेतीच्या पंपांमध्ये. शेतीचे फीडर वेगळे केल्यावर तर हे काम फारच सोपे झाले. काही दिवस दिवसाची पाळी, काही दिवस रात्रीची, अशा आठ-आठ तासांच्या वेळापत्रकात शेतकरी हा रात्रीच्या शिल्लक विजेचा गिऱ्हाईक झाला. त्याला कोणी विचारले नाही. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांचे बिल राज्य सरकारने माफ केले, त्याचे कौतुक आहे, पण फुकटची वीज रात्रीच आली तर शेतकरी रात्रीच जागणार. ऑटो स्विच बसवला की मोटर आपोआप सुरू होते, हे खरे. पण दांड फुटला तर तो आपोआप बुजत नाही. रानडुकरांच्या कळपात हातात बॅटरी आणि फावडे घेऊन उतरावेच लागते, आणि हिवाळ्यात पाण्यात पाय घालून उभ्या असलेल्या माणसाला साप दिसतो तो चावल्यावर.

अणुभट्टी या बाबतीत कोळशापेक्षाही हट्टी. तिचा जवळजवळ सगळा खर्च बांधतानाच होतो, इंधनाचा खर्च त्या मानाने किरकोळ. म्हणून ती दिवसरात्र पूर्ण क्षमतेने चालली तरच तिचे गणित बसते. फ्रान्समध्ये मागणीप्रमाणे अणुभट्ट्या वर-खाली करतात, हे मला ठाऊक आहे. पण कर्ज काढून बांधलेली नवी भट्टी रात्री निम्म्यावर आणली तर प्रत्येक युनिट आणखी महाग पडते. मग ती चोवीस तास चालणार, आणि पहाटे तीन वाजताची तिची वीज कोण घेणार? ज्याला आजवर घ्यायला लावली तोच. ‘अणुवीज आली की शेतकऱ्याला दिवसा वीज मिळेल’ या वाक्यात म्हणूनच नुसती चूक नाही, त्यात कारण आणि परिणाम उलटे टांगलेले आहेत.

शेतकऱ्याला दिवसा वीज हवी आहे, आणि दिवसा वीज कोण देतो हे शाळकरी पोरही सांगेल. राज्य सरकारलाही ते कळले आहे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात शेतीच्या फीडरजवळ, उपकेंद्राच्या आसपास छोटे सौर प्रकल्प उभारायचे ठरले. आधी ९,२०० मेगावॅटचे उद्दिष्ट होते, पुढे ते १६ हजारांपर्यंत नेले. यातल्या विजेचा दर युनिटला तीन रुपयांच्या आसपास, पंचवीस वर्षांसाठी बांधलेला. ही वीज तिथेच तयार होते, तिथेच वापरली जाते, तिच्यासाठी कोणाच्या वावरात मनोरा लागत नाही.

या योजनेची आरती ओवाळायचीही मला हौस नाही. गायरानावर प्रकल्प आला की गावची गुरे कुठे चारायची हा प्रश्न आहे, आणि ‘जागा सरकारची’ म्हटल्याने तो सुटत नाही. स्वतंत्र सौर पंपांचा अनुभव तर अनेकांचा आंबट आहे. खोल बोअरला पाण्याचा दाब मिळत नाही, ढगाळ दिवसांत धार बारीक होते, प्लेट वादळात उडाली किंवा माकडांनी फोडली की दुरुस्तीला माणूस महिनोन्महिने फिरकत नाही. आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याने शेवटी जुने वीज कनेक्शन परत मिळावे म्हणून अर्ज केला, तर त्याला सांगितले गेले की सौर पंप घेतलेल्याला ते मिळत नाही. या तक्रारी गंभीर आहेत. पण त्या सेवेच्या आहेत, देखरेखीच्या आहेत. एका हंगामात सुटू शकतील अशा आहेत. अणुभट्टीच्या तक्रारी एका पिढीत सुटत नाहीत, आणि आता त्याच मुद्द्याकडे येतो.

‘भरवशाच्या म्हशीला टोणगा’ ही म्हण अणुऊर्जा खात्याच्या उद्दिष्टांना चपखल बसते. होमी भाभांनी १९६२ साली अंदाज केला होता की १९८७ पर्यंत देशात २० ते २५ हजार मेगावॅट अणुवीज असेल. भाभा मोठे वैज्ञानिक होते, त्यांची संस्थाबांधणी अद्वितीय होती, पण हा अंदाज सपशेल चुकला. १९८४ साली नवे उद्दिष्ट आले: २००० पर्यंत १० हजार मेगावॅट. २००० साली हाती होते सुमारे २,७००. मग २०२० पर्यंत २० हजारांचा आकडा आला. २०२० साली होते ६,७८०. आता २०४७ पर्यंत एक लाख. आज देशाची एकूण अणुवीज क्षमता ८,८०० मेगावॅटच्या आसपास आहे, आणि एकूण विजेत तिचा वाटा तीन टक्क्यांच्या घरात. छप्पन्न वर्षांत जेवढे जमले त्याच्या दहा पट बावीस वर्षांत जमवायचे, असा हा संकल्प. संकल्प करायला पैसे लागत नाहीत, हे खरे.

कोणी म्हणेल, मागचे सोडा, आता स्वदेशी ७०० मेगावॅटची भट्टी आपल्या हाती आली आहे. आली आहे, आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. काकरापारच्या तिसऱ्या संचाचे पहिले काँक्रीट नोव्हेंबर २०१० मध्ये पडले आणि व्यापारी वीजनिर्मिती जून २०२३ मध्ये सुरू झाली. साडेबारा वर्षे. आपले स्वतःचे तंत्रज्ञान, आधीच अणुकेंद्र असलेली तयार जागा, स्थानिक आंदोलनाचा फारसा अडथळा नाही, तरी साडेबारा वर्षे. २०१७ साली अशा दहा भट्ट्या एकगठ्ठा मंजूर झाल्या, त्यांत आपल्याला सगळ्यात जवळची मध्य प्रदेशच्या मंडला जिल्ह्यातल्या चुटक्याची. बरगी धरणात एकदा बुडालेल्या माणसांना आता अणुकेंद्रासाठी पुन्हा उठवायचे, असा तो मामला आहे. या भट्ट्या त्यांच्या गतीने होऊ द्याव्यात, ज्यांचे काम सुरू आहे ते पूर्ण करावे. माझी हरकत आहे ती त्यांच्या नावावर २०४७ चा आकडा फुगवून आज शेतकऱ्याला आशेवर ठेवण्याला.

परदेशी भट्टीचा हिशेब वेगळाच आहे. जैतापूरची जागा २००५-०६ च्या सुमारास पक्की झाली. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली, वरिलवाडा या गावांची ९३८ हेक्टर जमीन घेतली. नोव्हेंबर २०१० मध्ये पर्यावरण खात्याने ३५ अटी घालून मंजुरी दिली आणि पुढच्याच महिन्यात फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांच्या दिल्ली भेटीत करार झाले. एप्रिल २०११ मध्ये साखरी नाटे इथे पोलिसांच्या गोळीबारात एका आंदोलकाचा बळी गेला. कंत्राटदार अरेव्हा कंपनी फ्रान्समध्येच डबघाईला आली, तिचा अणुभट्ट्यांचा धंदा ईडीएफ या फ्रेंच कंपनीकडे गेला. २०२१ साली ईडीएफने आपला प्रस्ताव सादर केला. आजतागायत एकही अणुभट्टी उभी नाही आणि विजेचा दरही ठरलेला नाही. वीस वर्षे झाली. माडबनच्या ज्या पोराने मोर्चात घोषणा दिल्या त्याचे पोर आता शाळेत असेल.

याच जातीची भट्टी जिथे बांधली गेली तिथे काय झाले ते बघा. फिनलंडच्या ओल्किलुओतोचे काम २००५ साली सुरू झाले, २००९ साली वीज मिळायची होती, नियमित उत्पादन २०२३ च्या एप्रिलमध्ये सुरू झाले. खर्च तीन अब्ज युरोंवरून अकरा अब्जांच्या घरात गेला. खुद्द फ्रान्समध्ये फ्लामांव्हिलच्या भट्टीचे काम २००७ साली सुरू करून ती २०२४ च्या डिसेंबरात जाळ्याला जोडली. अंदाज ३.३ अब्ज युरो होता, तो १३ अब्जांच्या पुढे गेला. चीनने तैशानला दोन भट्ट्या त्या मानाने लवकर उभ्या केल्या, पण तिथेही काही वर्षे उशीर झालाच. ज्यांनी ती भट्टी बनवली त्यांना स्वतःच्या अंगणात सतरा वर्षे लागली, तर आपल्याकडे सहा भट्ट्या किती वर्षांत होतील, याचे उत्तर देणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

महाराष्ट्राने ही शिकवणी एकदा मोठी फी भरून घेतली आहे. त्याच रत्नागिरी जिल्ह्यात, गुहागर तालुक्यात, एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प झाला. १९९२ साली सामंजस्य करार, १९९९ साली वीज, आणि २००१ साली राज्य वीज मंडळाला ती वीज परवडत नाही म्हणून बंद. वीज घ्या अथवा न घ्या, ठरलेली रक्कम मोजा, अशा कलमांनी मंडळाचे कंबरडे मोडले. माधव गोडबोले समितीच्या अहवालात हे सगळे लिहिलेले आहे, ज्यांना वाचायचे त्यांनी वाचावे. तेव्हाही ‘विजेला पर्याय नाही’ हेच वाक्य होते. तेव्हाही दर नीट न विचारता सही झाली होती. आणि परदेशी कंपनीच कशाला, आमच्याच जिल्ह्यात मांडव्याला लँकोचा १,३२० मेगावॅटचा औष्णिक प्रकल्प कर्जात बुडून अर्धवट राहिला. मोठा प्रकल्प अडकला की त्यात अडकलेली जमीन, कर्ज आणि माणसे परत मोकळी होत नाहीत. छोटा सौर प्रकल्प फसला तर पाचपन्नास एकर जमीन आणि एका कंत्राटदाराची नाचक्की, एवढ्यावर भागते.

मग छोट्या अणुभट्ट्यांचे काय? हा नवा मंत्र आहे. जुने कोळसा केंद्र बंद करायचे आणि त्याच जागी, त्याच वाहिन्यांवर छोटी अणुभट्टी बसवायची. ऐकायला बरे वाटते, आणि विदर्भात तर अशा जागा भरपूर, म्हणून ही गोष्ट आज ना उद्या आमच्या दारात येणार. अमेरिकेत नूस्केल कंपनीचा असाच गाजावाजा झालेला प्रकल्प नोव्हेंबर २०२३ मध्ये गुंडाळला गेला, कारण विजेचा दर मेगावॅट-तासाला ५८ डॉलरवरून ८९ डॉलरवर गेला. आपल्या भाषेत युनिटला सात रुपयांच्या वर, आणि तोही सरकारी अनुदान धरून. रशियाची ‘अकादमिक लोमोनोसोव’ ही तरंगती अणुभट्टी चालते खरी, पण ती आर्क्टिक किनाऱ्यावरच्या पेवेक बंदरात, जिथे दुसरे काही पोचवणेच अवघड आहे. पेवेकला सूर्य हिवाळ्यात उगवत नाही. अल्लीपूरला एप्रिलमध्ये तो डोक्यावरून हलत नाही. थोरियमची गोष्ट तर आपण भाभांच्या तीन टप्प्यांच्या आराखड्यापासून ऐकतो आहोत, आणि तो तिसरा टप्पा अजून कागदावरच आहे.

इथे अणुऊर्जेचे समर्थक आपले सगळ्यात चांगले अस्त्र काढतात: ‘म्हणजे तुम्हाला कोळसाच हवा.’ नागपूरजवळच्या खसाळ्याला जुलै २०२२ मध्ये राखेच्या तलावाचा बांध फुटला आणि राख शेतांत, ओढ्यांत, कन्हान नदीपर्यंत गेली. ज्यांच्या विहिरीत ती राख उतरली ते कोळशाचे वकीलपत्र घेणार नाहीत, आणि मीही घेत नाही. प्रश्न कोळसा की अणू असा मांडला की उत्तर सोपे होते, म्हणूनच तो तसा मांडला जातो. खरा प्रश्न असा: कोळसा लवकरात लवकर कमी करायचा तर तोच रुपया कुठे घातला म्हणजे लवकर वीज मिळते? वर्ष-दोन वर्षांत उभ्या राहणाऱ्या सौर प्रकल्पात की पंधरा-वीस वर्षांनी वीज देणाऱ्या भट्टीत? अणुभट्टीची वाट बघत बसलेल्या प्रत्येक वर्षी चंद्रपूरच्या चिमण्या धूर ओकतच राहणार आहेत.

समर्थकांचा एक मुद्दा मात्र टाळता येत नाही, आणि तो मी टाळणार नाही. सूर्य मावळल्यावर काय? हिंगणघाटच्या जिनिंग हंगामात रात्रपाळीने चालतात, सूतगिरण्या चोवीस तास चालतात, आणि श्रावणात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही. यावर ‘बॅटरी आहे ना’ एवढेच सांगून मोकळे होणारे लोकही माझ्या दृष्टीने उथळच. रात्रीसाठी साठवण लागेल, आणि ती स्वस्तात मोठ्या प्रमाणावर उभी करायला वेळ लागेल. पण महाराष्ट्राकडे सह्याद्री आहे. खालच्या धरणातले पाणी दिवसा वर चढवायचे आणि रात्री सोडून वीज करायची, पाणी चढवून वीज साठवण्याचे हे तंत्र घाटघरला २५० मेगावॅटपुरते आपण आधीच वापरतो. असे अनेक प्रकल्प आता रांगेत आहेत. तोवर असलेले कोळसा संच रात्री चालतील, असलेली अणुकेंद्रेही चालतील. रात्रीच्या गरजेसाठी नवी अणुवीज लागणारच असेल तर तसे उघड सांगावे: ही कारखान्यांसाठी, शहरांसाठी, डेटा सेंटरसाठी आहे. तो युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. त्यावर चर्चा करायला मी तयार आहे. फक्त त्यात माझ्या वावराचे नाव घेऊ नका.

दायित्वाबद्दल थोडक्यात, कारण या मुद्द्याला फार शब्द लागत नाहीत. २०१० च्या कायद्यात भोपाळची आठवण होती. खराब यंत्र पुरवणाऱ्या कंपनीवर दावा करण्याचा हक्क त्यात अणुकेंद्र चालवणाऱ्याला दिला होता. परदेशी कंपन्यांना तो खुपत होता. नव्या कायद्याने तो काढला, आता करारात लिहिले असेल तरच पुरवठादार जबाबदार. आणि चालवणाऱ्या कंपनीची जास्तीत जास्त जबाबदारी ३,००० कोटी रुपये. फुकुशिमाच्या अपघाताचा खर्च जपान सरकारने २०१६ साली साडेएकवीस लाख कोटी येन धरला होता, रुपयांत दहा लाख कोटींच्या पुढे. मधला भार शेवटी आपल्याच माथी. तंत्रज्ञान इतके सुरक्षित आहे असे जे सांगतात, त्यांनीच पुरवठादाराची जबाबदारी काढायचा आग्रह का धरावा? आपल्या बियाण्याची खात्री असलेला दुकानदार पावती द्यायला कधी नाही म्हणत नाही.

दिवसा वीज मिळाली तर माझ्या गावाला अणुभट्टीवर मत द्यायची गरजही पडणार नाही, आणि ती मिळवण्याचा मार्ग लहान आणि कंटाळवाणा आहे. शेतीच्या प्रत्येक फीडरवर सौर प्रकल्प वेळेत पूर्ण करणे. जास्त पंप लटकलेल्या डीपी वेगळ्या करणे. दुरुस्तीला चोवीस तासांत माणूस पाठवणे, न पाठवला तर ठेकेदाराचे बिल कापणे. या कामांचे उद्घाटन करायला राष्ट्राध्यक्ष येत नाहीत, म्हणून ती मागे पडतात.

आणि जैतापूरपुरते म्हणाल तर एक साधी गोष्ट करा. महावितरण सौर वीज तीन रुपयांच्या आसपास घेते, तो करार जाहीर आहे, दर जाहीर आहे. त्याच्या शेजारी जैतापूरच्या विजेचा दर लिहा: कितीला मिळणार, कोणत्या साली, आणि उशीर झाला तर वाढीव खर्च कोण भरणार. हे तीन रकाने भरलेल्या कागदावर सही करायला सरकार किंवा ईडीएफ यांपैकी जो कोणी तयार असेल त्याने तो कागद विधिमंडळाच्या पटलावर ठेवावा. दाभोळच्या वेळी तो सहीनंतर पाहायला मिळाला होता.